‘दहापैकी किती दुखतंय?’ हे विचारून झाल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पूर्ण करून बेळगावातल्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला लागलेली एक मुलगी विचारते: ‘पेन स्कोअर विचारला की निम्मे पेशंट हसतात, उरलेले सरळ दहा सांगतात. चार्टवर सगळ्यांपुढे दोन-तीन लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. बरेच पेशंट कन्नड बोलणारे, माझं कन्नड मोडकंतोडकं. कुणाला खरंच किती दुखतंय ते ओळखायचं कसं? आणि रात्री ऑर्डर नुसती एसओएस, म्हणजे ‘गरज पडली तर द्या’ अशी असेल तर माझ्या हातात काय उरतं?’

हसण्यापासून सुरुवात करते. रात्री दहाला बीपीचा पट्टा बांधता बांधता, नजर पुढच्या बेडवर ठेवून ‘काका, दहापैकी किती दुखतंय?’ असं विचारलं तर येळ्ळूरचा शेतकरी हसणारच. त्याने जन्मभर भात मोजलंय, दुखणं मोजायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही. त्यातून शेजारच्या खुर्चीवर सून बसलेली असली, तर तिच्यासमोर तो ‘काय न्हाई सिस्टर, सोसालोय की’ म्हणणार. याउलट ज्याला एकदा कळलंय की कमी आकडा सांगितला तर इंजेक्शन मिळत नाही, तो दहाच सांगणार. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतो. आपण काय विचारतोय आणि कशासाठी विचारतोय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शून्य ते दहाची पट्टी टाकाऊ नाही. पण चार नंबरच्या बेडचे सहा आणि सात नंबरच्या बेडचे नऊ यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. आकडा कामाला येतो तो त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघताना. औषधाआधी सात होते, अर्ध्या तासाने चार झाले, यातून काहीतरी कळतं. म्हणून ऑपरेशन ठरलेलं असेल तर आदल्या संध्याकाळी, पेशंट शुद्धीत आणि निवांत असताना पट्टी समजावून सांग. ‘शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे तुम्हाला आजवर झालेलं सगळ्यात वाईट दुखणं, ते कुठलं?’ बायका बहुतेक बाळंतपण सांगतात, पुरुष दाढ किंवा मुतखडा सांगतात. तिथे दहा बांधून ठेवले की दुसऱ्या दिवशी उत्तर नीट येतं. एवढं करूनही आकडा जमत नसेल तर हट्ट सोड. नाही, थोडं, बरंच, सोसवत नाही, अशा चार पायऱ्या पुरतात. चार्टवर तेच शब्द लिहिले तरी चालतात, फक्त सगळ्या ड्युट्यांनी त्या पेशंटला एकच पट्टी वापरायला हवी. सकाळी आकडा, दुपारी चेहऱ्यांचं चित्र आणि रात्री अंदाज, असं झालं की तक्ता वाचून कुणालाच काही कळत नाही.

आता खरी गोष्ट. पडलेल्या माणसाला विचारलेला स्कोअर अर्धाच असतो. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट न हलता पडून असेल तर त्याला फारसं दुखत नाही, कारण हललं की दुखतं हे कळल्यामुळेच तो हलत नाही. त्याला म्हण, ‘जरा खोकून दाखवा बघू.’ मग बघ. हात आपोआप टाक्यांवर जातो, श्वास मध्येच अडतो, डोळे मिटतात आणि घशातल्या घशात एक बारीक खाकरणं निघतं. त्याला खोकणं म्हणत नाहीत. तोंडाने त्याने दोन सांगितले असले तरी तुझ्या दृष्टीने दुखणं आटोक्यात आलेलं नाही. असा माणूस खोल श्वास घेत नाही, कफ खाली साठतो आणि दोन-तीन दिवसांत ताप येतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी पाय वाकवत नाही, मग गुडघा आखडतो. दुखणं कमी करायचं ते पेशंटला बरं वाटावं म्हणून तर आहेच, पण त्याने खोकावं, वळावं, उठून बाथरूमपर्यंत जावं म्हणूनही आहे. मी आकड्याच्या शेजारी नेहमी एक गोष्ट लिहिते: पडून दोन, खोकताना सात. किंवा: दुखण्यामुळे रात्रभर झोप नाही. राऊंडला डॉक्टरांचं लक्ष नुसत्या आकड्यापेक्षा या ओळीकडे जातं.

मार्गो मॅककॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सने १९६८ साली मांडलेलं सूत्र तुला कॉलेजात शिकवलं असेल: पेशंट सांगतो तेच दुखणं, आणि तो म्हणतो तेव्हा ते असतं. मी ते आजही मानते. मोबाइल बघत हसणाऱ्या पोराने आठ सांगितले तर ‘हसतोय की, कुठं दुखालंय याला’ असं म्हणायचं नाही. लक्ष दुसरीकडे वळवणं हा दुखणं सोसायचा त्याचा मार्ग असू शकतो. बीपी आणि पल्सवरही फार विसंबू नको. एकाएकी आलेल्या जोराच्या दुखण्यात ती वाढतात, पण महिनोन्महिने दुखणाऱ्या माणसाची नॉर्मल असू शकतात. मात्र नुसत्या आकड्यामागे धावण्याचे परिणामही जगाने बघितलेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत दुखण्याला ‘पाचवं व्हायटल साइन’ (ताप, नाडी, श्वास, बीपीच्या जोडीने मोजायची पाचवी गोष्ट) म्हणायची लाट आली. स्कोअर जास्त म्हणून ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची औषधं) जास्त, असं होत गेलं. शेवटी २०१६ साली तिथल्या मेडिकल असोसिएशनने ही कल्पना सोडून द्या म्हणून ठराव केला. पेशंटवर विश्वास ठेवायचा, पण आठ म्हटलं की टोचायचं, असं यंत्र व्हायचं नाही. आठ का, हे शोधायचं.

ते शोधायला पहिला आधार पेशंटच्या शब्दांचा. ‘ठणकतंय’ म्हणाला तर जखमेत पू किंवा सूज आहे का ते बघ, ड्रेसिंग घट्ट झालंय का ते बघ. ‘कळ येते नि जाते’ म्हणजे बहुधा मुतखडा, पित्ताशय, आतडं किंवा गर्भाशय. असा पेशंट बेडवर तळमळतो, एका जागी राहत नाही. पोट फळीसारखं कडक होऊन जो निपचित पडतो, हलवलं तरी ओरडतो, त्याच्या पोटात काहीतरी फुटलेलं असू शकतं, तिथे थांबायचं नाही. ‘आग होते, चटके बसतात, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं’ हे मज्जातंतूचं दुखणं: शुगरवाल्यांचे पाय, नागीण, कमरेतून पायात उतरणारी कळ, कापलेल्या पायाची नसलेली बोटं दुखणं. यावर डायक्लोफिनॅकची (नेहमीच्या दुखण्या-सुजेवरच्या औषधाची) सुई दिलीस तरी फारसा उपयोग नाही. त्याला प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलीन अशी वेगळी औषधं असतात आणि ती ऑर्डर यायला तो शब्द डॉक्टरांपर्यंत जसाच्या तसा पोहोचायला हवा. ‘सिव्हिअर पेन’ असं लिहून तो शब्द गिळू नको.

कन्नडचं म्हणशील तर मोडकं चालतं. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडच्या माणसाला ‘एल्लि नोवु ऐतरी?’ विचारलं की तो बोट ठेवून दाखवतो. तिकडे बरेच जण ‘ब्यानी’ म्हणतात, आग होत असेल तर ‘उरी’ म्हणतात. इल्ल, स्वल्प, भाळ, एवढ्या तीन शब्दांवर पट्टी चालते. माझ्या अनुभवात खरी अडचण भाषेपेक्षा मध्ये बसलेल्या माणसाची असते. तू अज्जीला विचारतेस, ती दोन मिनिटं बोलते आणि मुलगा मराठीत सांगतो, ‘काही नाही म्हणतेय.’ दोन मिनिटांत ‘काही नाही’ एवढंच कसं असेल? तिथे वॉर्डच्या आयाला किंवा कन्नड येणाऱ्या ब्रदरला बोलाव. नातेवाइकांना पाच मिनिटं चहाला पाठव. बायकांच्या बाबतीत, पाळीचं, अंगावर जाण्याचं किंवा टाक्यांचं दुखणं असेल तर हे न चुकता कर. सासूसमोर ती बोलत नाही, नवऱ्यासमोर तर नाहीच.

जे बोलूच शकत नाहीत त्यांच्यासाठी बघायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत, मनाने अंदाज बांधायची गरज नाही. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांना फ्लॅक स्केल: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं. पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन. यातला पायांचा भाग लोक बघतच नाहीत. पाय पोटाशी घट्ट ओढून धरणारं किंवा लाथा झाडणारं मूल आणि पाय सैल सोडून रडणारं मूल यांत फरक असतो. दुसरं बऱ्याचदा भुकेलेलं किंवा भेदरलेलं असतं. तीन वर्षांच्या पुढे चेहऱ्यांची पट्टी चालते, मात्र ‘तू किती हसतोस?’ असं विचारायचं नाही, ‘दुखतंय ते यातलं कुठलं?’ असं विचारायचं. विसरभोळेपणा फार वाढलेल्या म्हाताऱ्यांसाठी पेनएडी नावाचं स्केल आहे. त्यात श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि धीर दिल्यावर शांत होणं हे बघतात. रात्री ओढाओढ करणाऱ्या, सलाईन उपटणाऱ्या आजोबांना झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी हे एकदा करून बघ. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सीपॉट: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, एकूण आठपैकी. तीन किंवा जास्त आले की दुखतंय असं धरायचं.

आता ज्या भागावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो. दुखणं जेव्हा तुझ्या अपेक्षेशी जुळत नाही, तेव्हा त्याला दाबू नको, त्याचा माग काढ.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात येतात. समज, पायाची नळी मोडलेला विशीतला पोरगा, संध्याकाळी प्लास्टर घातलेलं. रात्री अकराला तो ओरडतोय, ट्रॅमाडॉल (दुखण्यावरचं जोरकस औषध) देऊन तास झाला तरी ओरडतोय. वॉर्डातले सगळे म्हणतात, नाटकी आहे, सोसत नाही याला. तू पायाशी जा. प्लास्टरबाहेर आलेला अंगठा धर आणि हळूच वर, त्याच्या नडगीच्या दिशेने वाकव. तेवढ्या हालचालीने तो किंचाळत उठला, पोटरी प्लास्टरच्या वर दगडासारखी लागली, बोटांच्या मधली जागा बधीर झाली म्हणाला, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतोय असं समज आणि ताबडतोब फोन लाव. पायाची नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नको, ती शेवटपर्यंत लागू शकते. पाय उशांवर उंच ठेवलेला असेल तर हृदयाच्या पातळीला आण. प्लास्टर चिरायची तयारी ठेव. सहा-आठ तासांत स्नायूंचं नुकसान कायमचं होऊ लागतं, त्यामुळे ‘सकाळच्या राऊंडला दाखवू’ हे इथे चालत नाही. आणखी एक ट्रॅमाडॉल देऊन तो शांत झोपला असता, तर हे सगळं झाकलं गेलं असतं.

याच प्रकारातल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. स्पायनल (पाठीतून दिलेली कमरेखालची भूल) देऊन हर्निया किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी बेचैन होतो, ‘पोट दुखालंय’ म्हणतो. आधी बेंबीखाली हात ठेव, लघवी कधी झाली विचार. तुंबलेली असेल तर त्याला लघवीच्या नळीची गरज आहे, डायक्लोफिनॅकची नाही. आतड्याच्या ऑपरेशननंतर दुखणं दिवसेंदिवस उतरायला हवं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते चढायला लागलं, सोबत पल्स वाढली, तर आतला जोड गळत असू शकतो. ‘पित्त झालंय, छातीत जळजळतंय’ म्हणत आलेला पन्नाशीचा, त्यातून शुगर असलेला माणूस दिसला की पँटॉपची (ॲसिडिटीची) सुई भरायच्या आधी ईसीजी. आल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो हवा. शुगरवाल्यांत आणि बायकांत हार्ट ॲटॅक छाती न दुखताही येतो.

आणि खानापूर, चंदगड पट्ट्यातला साप. घोणस चावली की प्रचंड दुखतं आणि अंग सुजत जातं. तिथे डायक्लोफिनॅक नको आणि कंबरेत कसलंच इंजेक्शन नको, कारण रक्त गोठत नसतं, दुखण्याला पॅरासिटामॉल. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि जागा जवळजवळ दुखतच नाही. पहाटे पोटात दुखतंय, घशात कसंतरी होतंय म्हणून माणूस येतो आणि पापण्या मिटायला लागलेल्या असतात. पावसाळ्यात असा पेशंट आला तर रात्री कुठे झोपला होता, हे विचारल्याशिवाय पोटदुखीची सुई देऊ नको.

औषधांकडे वळते. ऑर्डर देणं डॉक्टरांचं काम, पण वेळ, वेग आणि परिणाम ही आपली जबाबदारी. पहिलं म्हणजे आल्याआल्या विचार, घरून किंवा मेडिकलमधून काय घेऊन आलात. चंदगड, दोडामार्गकडून रेफर होऊन येणाऱ्यांच्या चिठ्ठीवर ‘इंजेक्शन दिले’ एवढंच असतं, कुठलं आणि किती वाजता ते नसतं. फोन करून विचारायला लाजू नको. कमरेसाठी, गुडघ्यासाठी रोज गोळी घेणारे पेशंट तर इतके आहेत की ते त्याला औषध समजतच नाहीत. ‘गोळी चालू आहे का?’ला ‘नाही’ म्हणतात, ‘दुखायला लागल्यावर काय घेता?’ला पिशवीतून पाकीट काढून दाखवतात. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल चार ग्रॅम, लिव्हर खराब असेल, दारू असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. शंभर मिलीच्या बाटलीत एक ग्रॅम असतं, ती पंधरा मिनिटांत जायला हवी. दोन तास थेंबथेंब सोडली की दुखणं उतरत नाही, मग सगळे म्हणतात पॅरासिटामॉलमध्ये दम नाही. आणि पन्नास किलोच्या आतल्या पेशंटला अख्खी बाटली नाही, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम.

डायक्लोफिनॅक आपल्याकडे पाण्यासारखं वापरतात. किडनी, अल्सर, दमा, डेंग्यूचा संशय यांपैकी काही असेल तर टोचायच्या आधी विचारायचं. कंबरेत द्यायचंच तर खोल, आणि शक्यतो खुब्याच्या बाजूला. कुल्ह्यावर चुकीच्या जागी दिलेल्या सुईने पाय लुळा पडलेले पेशंट मी बघितलेत. ट्रॅमाडॉल सावकाश दे, भस्सकन दिलं की उलटी आणि चक्कर ठरलेली. फिट्स येणाऱ्या पेशंटला आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेल्याला देण्याआधी डॉक्टरांना आठवण कर.

एसओएसबद्दल माझं मत जरा ठाम आहे. मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांना नुसती एसओएस ऑर्डर म्हणजे दुखायची वाट बघणं. एकदा दुखणं शिगेला पोचलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं, आणि आपल्याकडची म्हातारी माणसं तर मागतच नाहीत. राऊंडला सरळ विचार, ‘सर, पॅरासिटामॉल आठ तासांनी ठरलेलं लिहू का आणि ट्रॅमाडॉल एसओएस ठेवू का?’ बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, त्यांच्या डोक्यात तेच असतं, लिहायचं राहिलेलं असतं. एसओएस असेलच तर कमाल किती आणि किती तासांच्या अंतराने, हे लिहून घे. नाहीतर रात्री तुझाच गोंधळ होतो.

आणि दिल्यावर परत जा. शिरेतून दिलं तर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाने, गोळी दिली तर तासाभराने. आपल्या वॉर्डांत सगळ्यात जास्त वगळली जाणारी गोष्ट हीच आहे. इंजेक्शन दिलं, सही केली, संपलं. तीस पेशंटला दोन स्टाफ असताना हे कठीण जातं, मला माहीत आहे. म्हणून मी परत जाणं दुसऱ्या कामाला जोडते: कॅन्युला बघायला, सलाईन बदलायला त्या खोलीत जायचंच असतं, तेव्हाच खोकायला सांगायचं. पेशंटला वेळ सांगून ठेव, ‘साडेदहाला परत बघायला येते.’ वेळ माहीत असली की बेल कमी वाजते, हा माझा पक्का अनुभव.

मॉर्फिन किंवा फेंटानिल दिलेल्या पेशंटला परत जाणं म्हणजे फक्त दुखणं बघणं नव्हे. आधी गुंगी बघ, मग श्वास. हाक मारल्यावर डोळे उघडून बोलता बोलता पुन्हा झोपी जात असेल, तर श्वास अजून ठीक असला तरी पुढचा डोस थांबवून विचार. गुंगी आधी वाढते, श्वास नंतर मंदावतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोज, दहाच्या खाली आला तर ऑक्सिजन लाव, जागं करत राहा, डॉक्टरांना बोलाव; नॅलॉक्झोन (मॉर्फिनवरचा उतारा) ट्रॉलीत कुठे आहे ते ड्युटी सुरू होतानाच बघून ठेव. फेंटानिलचा पॅच लावलेल्या पेशंटला गरम पिशवी देऊ नको, उष्णतेने औषध भसाभस अंगात जातं. पॅच कापायचाही नाही.

कॅन्सरच्या पेशंटची गोष्ट वेगळी. निपाणीकडचा भाग तंबाखूचा, आणि तंबाखू खाण्याची सवय तर सगळीकडेच. गालाचा, जिभेचा कॅन्सर झालेली माणसं येतात. तोंड उघडत नाही, बोलता येत नाही. त्यांना बोटांवर स्कोअर दाखवायला शिकव, पाटी-पेन्सिल दे. इथे घरच्यांची भीती मोठी असते: मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, मॉर्फिन म्हणजे व्यसन. दुखण्यासाठी, ठरलेल्या डोसने, नीट देखरेखीखाली घेणाऱ्या कॅन्सर पेशंटला नशेची ओढ लागणं क्वचित घडतं. अंगाला सवय होते, म्हणून एकदम बंद करायचं नसतं, एवढंच. डब्ल्यूएचओने १९८६ साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी दिली, त्यात तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे औषध द्या, हे दोन नियम आजही लागू आहेत. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी. मध्येच उसळलेल्या दुखण्याला दिवसाच्या एकूण डोसच्या साधारण सहाव्या भागाएवढा जादा डोस. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच. बद्धकोष्ठाने हैराण होऊन लोक मॉर्फिन सोडतात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे पूर्वी ही गोळी मिळवायला अनेक परवाने लागत. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांची वाट मोकळी केली, तरी रजिस्टर, मोजणी आणि सही यात ढिलाई चालत नाही. फुटलेल्या ॲम्प्युलचीही नोंद साक्षीदारासमोर कर.

औषधाशिवायच्या गोष्टींना दुय्यम समजू नको. पोटावर उशी घट्ट दाबून खोकायला शिकव. लचकलेल्या, सुजलेल्या ठिकाणी पहिल्या दिवशी बर्फ, कपड्यात गुंडाळून. बाळाला लस टोचताना आईला अंगावर पाजू दे, डब्ल्यूएचओने २०१५ साली हे लेखी सांगितलंय आणि वॉर्डातल्या आज्यांना ते आधीपासून ठाऊक आहे. भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग असेल, उद्यमबागच्या फाउंड्रीतून असे येतात, तर औषध आधी देऊन अर्धा तास थांब आणि मगच ट्रॉली ने. ड्रेसिंग सुरू करून ओरडल्यावर सुई आणायला धावू नको. शेकाबाबत एक सूचना: स्पायनल उतरेपर्यंत आणि शुगरने पाय बधीर झालेल्यांना गरम पिशवी नाही. नातेवाईक घरून वीट गरम करून आणतात, प्रेमाने आणतात, तरीही नाही.

शेवटी फोनचं. मध्यरात्री ‘सर, पेशंटला खूप दुखतंय’ असं म्हटलंस तर झोपेतून ‘ट्रॅमाडॉल दे’ एवढंच उत्तर येतं. फोन करायच्या आधी पेशंटजवळ जाऊन सगळं बघ, केस पेपर हातात घे आणि असं सांग: ‘सर, बेड नऊ, आज संध्याकाळी नळीच्या फ्रॅक्चरला प्लास्टर घातलेला पेशंट. साडेदहाला ट्रॅमाडॉल पन्नास दिलं, साडेअकराला स्कोअर सातवरून नऊवर गेलाय. अंगठा वाकवला की ओरडतो, बोटं बधीर म्हणतो. कप्प्यात दाब वाढला असावा असं वाटतं. तुम्ही येऊन बघावं.’ शेवटचं वाक्य गाळू नको. उत्तर ‘सकाळी बघू’ आलं आणि तुझं मन मानत नसेल तर इन्चार्ज सिस्टरना किंवा दुसऱ्या ऑन-कॉल डॉक्टरांना कळव. त्यात कुणाचा अपमान होत नाही. किती वाजता कुणाला फोन केला, काय सांगितलं, काय उत्तर आलं, ते लगेच लिही, सकाळी आठवून नाही. आणि चार्टवर सगळ्यांपुढे दोन लिहायची जी पद्धत आहे, ती निदान तुझ्या ड्युटीत बंद कर. आधीच्या स्टाफने लिहिलेलं खोडायचं नाही, त्याखाली आपली वेळ टाकून, पेशंटने काय सांगितलं आणि तुला काय दिसलं एवढंच लिहायचं: ‘रात्री १०:१०, पडून ३, खोकताना ७, पॅरासिटामॉल १ ग्रॅम आयव्ही, १०:४०, खोकताना ४, कुशीवर वळले.’ अपघाताच्या केसमध्ये हा कागद पुढे कोर्टातही जाऊ शकतो.

आठच्या हँडओव्हरला बेडजवळ उभं राहून पुढच्या स्टाफला शेवटचा डोस किती वाजता गेला आणि पुढचा कधी द्यायचाय ते सांग, पेशंटला ऐकू येईल असं. वेळ चुकली तर तोच आठवण करून देतो.